अपराधी वाटतं म्हणून दुखणं अंगावर काढू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरला साडेतीन वर्षांचा, धाकटी दहा महिन्यांची. दहा मिनिटं नुसतं बसलं तरी मन खातं. दिवसा थोरल्यावर ओरडणं होतं आणि रात्री तो झोपला की त्याच्याकडे बघून रडू येतं. उजवं मनगट दुखतं, शिंक आली की लघवीचे थेंब गळतात, केस मुठीने गळतायत, पण मुलांना सोडून स्वतःसाठी दवाखान्यात जाणं ही चैन वाटते. जो तो सांगतो, "स्वतःवर प्रेम कर." ते नेमकं करायचं कसं?

माझं उत्तर असं की प्रेमापासून सुरुवात करू नका, शरीरापासून करा. आईला दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांत हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. चिडचिड, उगाच भरून येणं, विसराळूपणा, "माझ्याने काहीच होत नाही" ही भावना, या सगळ्याला आपण स्वभाव म्हणतो किंवा आई म्हणून कमी पडणं समजतो. पण लोह कमी झालं, थायरॉईड बिघडलं, महिनोन् महिने झोप तुकड्यातुकड्यांत झाली, तरी हीच लक्षणं दिसतात. शरीर रिकामं असताना मनाची कितीही समजूत घातली तरी ती टिकत नाही, आणि ती टिकली नाही याचाही दोष बाई स्वतःलाच देते. म्हणून आधी रक्त तपासा आणि झोप जुळवा. अपराधीपणाकडे त्यानंतर वळू.

रक्ताच्या तपासण्या

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) या तीन तपासण्या पुढे ढकलू नका. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तुमच्या डॉक्टरांना गरजेचं वाटलं तर.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. पण १२ च्या वर आहे म्हणून लोह पुरेसं आहे असं होत नाही. शरीर आधी साठा संपवतं, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं. साठा कळतो फेरिटिनवरून. ते १५ च्या खाली असेल तर साठा जवळपास संपलेला असतो, आणि दम लागणं, थकवा, केस गळणं हे रक्तक्षय दिसण्याआधीच सुरू होऊ शकतं. गोळ्या सुरू झाल्यावर नेहमी होणारी चूक म्हणजे महिनाभरात बरं वाटलं की बंद करणं. हिमोग्लोबिन ताळ्यावर आल्यानंतरही साठा भरायला साधारण तीन महिने लागतात. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही, त्यामुळे मध्ये किमान तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. पोट बिघडत असेल तर गोळी सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. एक दिवसाआड घेऊनही चालतं का हे त्यांना विचारता येईल.

थायरॉईडचं दुखणं सहज निसटतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात १०० पैकी साधारण ५ ते १० जणींच्या थायरॉईड ग्रंथीला सूज येते. पहिल्या काही महिन्यांत धडधड, अस्वस्थपणा, वजन उतरणं असं दिसतं आणि "बाळामागे धावपळ आहे ना" म्हणून सोडून दिलं जातं. पुढे, साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात, ग्रंथी मंदावते. मग सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, उदासी. तुमच्या धाकटीचं वय बघता ही शक्यता तपासायलाच हवी. अनेकींचं थायरॉईड वर्षभरात आपोआप सावरतं, काहींना गोळी लागते. कोणाला लागेल हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

केसांचं म्हणाल तर बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस गळणं अपेक्षितच असतं. गरोदरपणात न गळलेले केस तेव्हा एकदम गळतात, आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचं थांबतं. दहाव्या महिन्यातही मुठीने गळत असतील तर तेल-शाम्पू बदलत बसण्याआधी वरच्या तीन तपासण्या करा.

गरोदरपणात साखर वाढली होती का? वाढली असेल तर बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी ठरलेली असते, आणि त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी साखर बघत राहायची असते. ही तपासणी फार जणींची राहून जाते, कारण तोवर घरातल्या सगळ्या तारखा बाळाच्या लसींच्या झालेल्या असतात. राहिली असेल तर आता करा. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता त्यांनी तो दरवर्षी मोजावा, कारण पुढच्या आयुष्यात हृदयाचा त्रास होण्याची शक्यता त्यांना इतरांपेक्षा जास्त असते.

मनगट

अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखतंय असं गृहीत धरून लिहितो आहे. अंगठा मुठीत घ्या, वर बाकीची बोटं मिटा आणि मूठ करंगळीच्या बाजूला हळूच वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर तिथल्या स्नायूबंधांच्या आवरणाला सूज असण्याची शक्यता दाट आहे. लहान मूल उचलणाऱ्यांना हे इतकं होतं की डॉक्टर बघताक्षणी ओळखतात.

कारण उचलण्याच्या पद्धतीत आहे. आपण मुलाच्या दोन्ही काखांत हात घालतो, अंगठे ताणून वर उभे ठेवतो आणि आठ-नऊ किलोंचं वजन त्या ताणलेल्या अंगठ्यांवर घेतो. दिवसातून असं कितीदा होतं ते मोजूच नका. पद्धत बदला. तळवे वर करा, अंगठा बोटांना चिकटून राहू द्या, एक हात कोपरापर्यंत मुलाच्या ढुंगणाखाली आणि दुसरा पाठीमागे घालून मूल छातीशी ओढा, मग उठा. पाजताना डोक्याचं वजन मनगटावर नको, उशीवर हवं. पट्टा बांधायचा तर अंगठाही धरून ठेवणारा बांधा. नुसत्या मनगटाच्या पट्ट्यात अंगठा मोकळा राहतो आणि दुखणं तसंच चालू राहतं. तीन ते सहा आठवडे पट्टा आणि उचलण्याची नवी पद्धत, एवढं करूनही थांबलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. त्या जागी दिलेल्या एका इंजेक्शनने बहुतेकींना आराम पडतो. पाजताना एका हाताने मोबाईल धरून त्याच अंगठ्याने सरकवत राहणं मात्र थांबवावं लागेल, नाहीतर बाकी सगळं वाया जातं.

लघवीचे थेंब

याची लाज सगळ्यात जास्त वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बाळंत झालेल्या बायकांपैकी साधारण एक तृतीयांश जणींना हा त्रास होतो. पण सगळ्यांना होतो म्हणून सोसायचा असा त्याचा अर्थ नाही. यावर उपाय आहे आणि तो बहुतेक वेळा व्यायामाचाच आहे.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. वायू रोखतो तसं मागून आणि लघवी रोखतो तसं पुढून, दोन्हीकडून एकदम आवळा आणि आत-वर उचलल्यासारखं करा. पोट, मांड्या आणि ढुंगण सैल राहू द्या, श्वास चालू ठेवा. जितके अंक धरवेल तितके धरा. सुरुवातीला तीन-चार अंकही पुष्कळ झाले, हळूहळू दहापर्यंत जा. मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं आठ ते दहा वेळा, त्यानंतर पटकन आवळून पटकन सोडायचं दहा वेळा. दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. जमायला लागलं की बसून करा, उभ्याने करा, धाकटीला पाजताना करा.

फसतं कुठे? श्वास रोखून पोट खाली ढकललं जातं, म्हणजे उचलण्याच्या नेमकं उलट घडतं. दोन आठवड्यांत फरक दिसत नाही म्हणून सोडून दिलं जातं, पण स्नायूला ताकद यायला वेळ लागतो. काहीजणी आवळतात पण पूर्ण सैल सोडत नाहीत, मग तो स्नायू थकूनच राहतो. आणि लघवीला बसून धार थांबवण्याचा सराव करू नका. स्नायू कोणता ते एकदा ओळखायला ठीक आहे, रोज केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. याशिवाय एक सवय लावून घ्या. शिंक किंवा खोकला येतोय असं कळताच, किंवा मूल उचलण्याआधी, क्षणभर आवळून घ्या. ही सवय बसली की रोजचे बरेचसे थेंब वाचतात.

आवळताना दुखत असेल, संबंधांच्या वेळी दुखत असेल, तर हा व्यायाम स्वतःहून वाढवू नका. काहीजणींचे स्नायू आधीच ताठ झालेले असतात, त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं. खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटणं, शौच किंवा वायू रोखता न येणं, या तक्रारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे थेट न्या आणि या स्नायूंचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट आहेत का ते त्यांनाच विचारा. पोटाचंही एकदा बघून घ्या. उताणं झोपून डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा. मधली फट दोन बोटांहून रुंद असेल किंवा मधोमध उंचवटा येत असेल तर पोट कमी करायचे, उताणं झोपून धड उचलण्याचे (सिट-अप्ससारखे) व्यायाम तूर्त थांबवा. त्यांनी ताण त्याच फटीवर येतो.

झोप

एकूण किती तास झोपलात हा आकडा फसवा आहे. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं आणि दर दोन तासांनी उठावं लागलं तर आठ तास अंथरुणात काढूनही माणूस थकलेलाच उठतो. म्हणून बेरीज करत बसू नका. सलग चार ते पाच तासांचा एक तुकडा मिळवणं हे उद्दिष्ट ठेवा.

दोन मोठी माणसं घरात असतील तर रात्र मधोमध कापा. उदाहरणार्थ ९ ते २ बाबा, २ ते ७ आई. नऊच्या आधी तुम्ही पाजून घ्या आणि दुसऱ्या खोलीत जा, कानात बोळे घाला, दार लावा. मध्ये दूध लागलंच तर काढून ठेवलेलं किंवा पावडरचं. वजन नीट वाढत असलेली अनेक मुलं दहाव्या महिन्यात रात्री काही तास न पिता राहू शकतात. तुमच्या धाकटीला ते चालेल का, हे तिच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

पहिल्या तीन-चार रात्री ती जास्त रडेल. तिथेच बहुतेक घरांत हा बेत मोडतो. आई दार उघडून येते, बाबा सुटकेचा श्वास टाकतात आणि मूल शिकतं की जोरात रडलं की आई येते. म्हणून आधीच ठरवा: ताप, उलटी, वेगळंच वाटणारं रडणं, या तीन कारणांशिवाय हाक मारायची नाही. एकटीने सांभाळणाऱ्या आईने रोजचा हट्ट धरू नये. आठवड्यातून दोन रात्री कोणी नात्यातलं, मैत्रिणीपैकी येऊन थांबलं तरी डोकं बरंचसं ताळ्यावर येतं.

मूल दुसऱ्याने सांभाळलेलं आहे, घर शांत आहे, तरीही रात्रीमागून रात्र डोळा लागत नाही, असं होत असेल तर ते लक्षण समजा आणि डॉक्टरांना सांगा.

आता अपराधीपणा

"मी ओरडले, ते चुकलं" आणि "मी वाईट आई आहे" ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात एक कृती आहे आणि ती दुरुस्त करता येते. दुसऱ्यात सगळं माणूसच मोडीत काढलंय, तिथे करण्यासारखं काही उरत नाही, फक्त लपावंसं वाटतं. डॉक्टरकडे न जाणं, मैत्रिणीला न सांगणं, हे या लपण्याचेच प्रकार आहेत. म्हणून मन खायला लागलं की ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहा. डोक्यात फिरणारं वाक्य मोठं वाटतं, कागदावर ते तपासता येतं.

लिहिलंत की विचारा: यात कोणाला खरंच इजा झाली का? झाली असेल, म्हणजे ओरडणं, हात उगारणं, दिलेला शब्द मोडणं, तर त्यावर दुरुस्ती हाच उपाय. ती पुढे सांगतो.

इजा झाली नाही, फक्त एखादा नियम मोडला, असे नोंदींमध्ये फार सापडतील. दहा मिनिटं बसले. कार्टून लावून आंघोळ केली. बाटली दिली. इथे विचारायचं की हा नियम केला कोणी, आणि तो घरात आणखी कोणाला लागू आहे? मुलांचे बाबा दहा मिनिटं बसले तर ते वाईट बाप ठरतात का? या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे लिहिलं की बरेच नियम तिथेच गळून पडतात. तुमचं "दहा मिनिटं बसले" हे याच गटातलं आहे.

आणि काही गोष्टी तुमच्या हातातच नव्हत्या. सिझेरियन झालं, दूध कमी आलं, मूल आजारी पडलं, नोकरीवर जावंच लागलं. याला अपराधीपणा म्हणतात खरं, पण आत असतं ते दुःख. त्याची दुरुस्ती होत नाही. ते कोणाजवळ तरी बोलावं लागतं, त्यावर रडावं लागतं. दुरुस्त करायला गेलं की आई स्वतःला शिक्षा करत राहते, जेवण टाळते, झोप टाळते, आणि त्याने मुलाचं काहीच भलं होत नाही.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी पुरेशा चांगल्या आईची कल्पना मांडली. तिचा अर्थ लोक "थोडं कमी केलं तरी चालतं" एवढाच घेतात. त्यांचं म्हणणं त्याहून नेमकं होतं. सुरुवातीला आई बाळाच्या गरजेशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते आणि बाळाची सोसण्याची ताकद वाढेल तसतसं हे जुळवून घेणं कमी होत जातं. हे कमी होणं मुलाच्या वाढीसाठी लागतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकापासून आई आणि तान्ह्या बाळाच्या हावभावांचा बारकाईने अभ्यास केला. नेहमीच्या, निरोगी जोड्यांमध्येही दोघांचे सूर जुळलेले असतात ते साधारण ३० टक्के वेळ. बाकीचा वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळणं यात जातो. त्या पुन्हा जुळण्यातून मूल शिकतं की बिघडलेलं सावरता येतं. दुर्लक्ष चालतं असा याचा अर्थ नाही. चुकामुकीनंतर परत येणं महत्त्वाचं, एवढाच आहे.

ओरडल्यानंतर

आधी स्वतःचं शरीर शांत करा. धाकटी हातात असेल तर तिला पाळण्यात किंवा पडणार नाही अशा जागी ठेवा आणि काही मिनिटं बाजूला व्हा. सुरक्षित जागी रडणारं मूल सुरक्षित असतं. तान्ह्या मुलाला रागाच्या भरात हलवणं मात्र जिवावर बेतू शकतं, मेंदूत रक्तस्राव होतो. त्यामुळे तोल जातोय असं वाटलं की खाली ठेवणं हेच बरोबर. पाय जमिनीवर टेकवा, श्वास घ्याल त्याहून जास्त वेळ सोडा, पाच-सहा वेळा.

मग थोरल्याजवळ जा आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. समजा त्याने पाणी सांडलं म्हणून ओरडलात, तर म्हणा: "मी खूप मोठ्याने ओरडले. तुला भीती वाटली असेल. ओरडणं माझं चुकलं. मला राग आला होता, पण ओरडायला नको होतं. पाणी सांडलं की आपण फडकं आणतो, चल, पुसूया." एवढंच. साडेतीन वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त लागत नाही.

"तू ऐकत नाहीस म्हणून मला ओरडावं लागतं" हे जोडलंत की माफी उलटली, आता दोष त्याच्या डोक्यावर बसला. त्याच्यासमोर रडून "आईवर रागावलास का रे?" असं पुन्हा पुन्हा विचारलंत तर समजूत काढायचं काम त्याच्याकडे गेलं. आणि भरपाई म्हणून खेळणं किंवा मोबाईल देऊ नका, नियमही सैल करू नका. माफी ओरडण्याची आहे, पुसायला लावण्याची नाही.

मग आठवडाभर नुसती वेळ टिपून ठेवा. ओरडणं दिवसभर सारखं विखुरलेलं क्वचितच असतं. बहुतेक घरांत ते घराबाहेर पडण्याच्या वेळी आणि संध्याकाळी जेवणाआधीच्या तासात साठलेलं सापडतं, जेव्हा मूलही भुकेलेलं असतं आणि आईही. तेव्हा दुपारी चारच्या सुमाराला तुम्ही स्वतः काहीतरी पोटभरीचं खाणं, हा शांत राहण्याच्या निश्चयापेक्षा जास्त उपयोगी उपाय आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज साधारण ३३० ते ५०० कॅलरी जास्त लागतात. मुलांच्या ताटात उरलेल्या घासांनी त्या भरून निघत नाहीत.

हात वारंवार उठत असेल, किंवा आपल्या हातून मुलाला इजा होईल अशी भीती वाटत असेल, तर त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगा आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

स्वतःशी ममतेने वागणं

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये याचे तीन भाग सांगितले: जे होतंय ते न वाढवता आणि न दडवता बघणं, हे माणसांना होतं याची आठवण, आणि स्वतःशी मायेचं वागणं. हे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एका मिनिटात करता येतं. "आत्ता खूप जड जातंय. लहान मुलांच्या आयांना असं होतं, माझ्या एकटीचं नाही. पुढची दहा मिनिटं मला काय लागेल?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर साधं असावं. पाणी, बसणं, खिडकी उघडणं, कोणाला तरी फोन.

"मी उत्तम आई आहे" असं घोकणं मला मान्य नाही. थकलेलं मन लगेच वाद घालतं आणि त्याच्याकडे दिवसभराचे पुरावे असतात. खरं असेल तेवढंच बोला. सूर मात्र पडलेल्या मुलाला उचलताना असतो तो ठेवा. छातीवर हात ठेवा असं अनेक ठिकाणी सुचवलेलं असतं. दिवसभर दोन मुलं अंगाला झोंबल्यावर कोणाचाच स्पर्श नकोसा होतो, अगदी स्वतःचाही. मग हात ठेवू नका, त्याने काही अडत नाही. लहानपणी फक्त बोलणीच खाल्लेल्या कित्येकींना मायेचे शब्द म्हणताच जास्त रडू फुटतं. ते वाईट नाही, पण सोसत नसेल तर शब्द सोडा आणि कृती धरा: गरम जेवण बसून खाणं, वेळेवर गोळी घेणं.

स्वतःला माफ केलं तर मी ढिली पडेन, ही भीती खूप जणी बोलून दाखवतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात अवघड परीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांतल्या काहींना स्वतःशी समजुतीने वागायला सुचवलं होतं. पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास केला तो याच विद्यार्थ्यांनी.

आणि कृपा करून आंघोळीला "स्वतःसाठीचा वेळ" म्हणू नका. झोप, जेवण, आंघोळ, औषध, तपासणी ही देखभाल आहे, ती कमवावी लागत नाही. गाणं ऐकणं, फिरणं, वाचणं, गप्पा हा वेगळा हिशेब आहे आणि तोही रिकामा राहू नये.

मदत मागताना नुसतं "जरा मदत करा" म्हटलं तर लक्ष ठेवण्याचं काम तुमच्याकडेच राहतं. पूर्ण काम सोपवा. धाकटीच्या लसी बाबांकडे, म्हणजे तारीख लक्षात ठेवणं, घेऊन जाणं, नंतर ताप आला तर बघणं, सगळं. मग मध्ये सुधारायला जाऊ नका. मूल सुरक्षित असेल तर पद्धत वेगळी असली तरी चालते. दर वेळी दुरुस्ती केली की ते काम आठवड्याभरात तुमच्याकडे परत येतं.

हे नैराश्य तर नाही?

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी येणारा हळवेपणा दोन आठवड्यांत ओसरतो. त्यानंतरही उदासी टिकली, किंवा पहिल्या वर्षात कधीही नव्याने सुरू झाली, तर तपासणी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपैकी सुमारे १३ टक्के जणींना मानसिक आजार होतो आणि त्यात नैराश्य सर्वांत जास्त. यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरो प्रश्नावली डॉक्टर देतात. गेल्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न, एकूण गुण ३०. काही बिघडलं की विनाकारण स्वतःला दोष दिलात का, हा त्यातला तिसराच प्रश्न आहे. म्हणजे सतत मन खाणं हे आजाराचंही लक्षण असू शकतं. १३ किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता बरीच, १० च्या पुढेही डॉक्टरांशी बोलावं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्याचं उत्तर "कधीच नाही" याखेरीज काहीही असेल तर एकूण गुण न बघता त्याच दिवशी मदत घ्या.

औषध लागलं तर अंगावर पाजणं बंद करावं लागेल असं धरून चालू नका. सर्ट्रालीनसारखी काही औषधं दुधात अगदी थोडी उतरतात आणि पाजणाऱ्या आयांना दिली जातात. औषध किंवा पाजणं, दोन्हीपैकी काहीही स्वतःच्या मनाने थांबवू नका.

मूल हातातून पडेल, आपणच त्याला काही करून बसू, असे नको असलेले विचार अनेक आयांच्या मनात येऊन जातात. अशा विचाराने आईचा थरकाप होतो, ती सुरीही लपवून ठेवते. हा घाबरणाऱ्या मनाचा प्रकार आहे, तो बोलून दाखवला की उपचार होतात. याहून वेगळी अवस्था म्हणजे झोपेची गरजच न वाटणं, बडबड, गोंधळ, आवाज ऐकू येणं, बाळाविषयी विचित्र गोष्टी पक्क्या खऱ्या वाटणं. हे हजारात एक-दोघींना होतं, बहुतेकदा बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत. तेव्हा आई आणि बाळाला एकटं सोडू नये, लगेच रुग्णालयात न्यावं.

दवाखान्यात जाताना

या आठवड्यातली एक वेळ ठरवा आणि मुलांजवळ कोण थांबणार तेही तेव्हाच नक्की करा. दोन्ही मुलांना घेऊन गेलात तर तपासणी तुमची असली तरी बोलणं धाकटीच्या सर्दीवर जाईल. तक्रारी कागदावर लिहून न्या, प्रत्येकीपुढे किती महिन्यांपासून ते लिहा: लघवी, मनगट, केस आणि थकवा, झोप, रडू. शिवाय दोन्ही बाळंतपणांचे कागद, चालू गोळ्या, पाळी परत आली का आणि किती जाते हेही. सुरुवात लघवीच्या तक्रारीपासून करा. ती लाजेने शेवटी ठेवली तर निघता निघता सांगितली जाते आणि तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो. "बाळंतपणानंतर होतंच असं" असं उत्तर मिळालं तर शांतपणे विचारा की यावर उपाय काय, तो किती दिवस करायचा आणि फरक पडला नाही तर कोणाकडे जायचं. ही तिन्ही उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या आणि पुढची तारीख घेऊनच बाहेर पडा.